रामिरोंच्या खानावळीतली बैठक

अमेरिकेहून परत आलं की आमच्या अमरावतीच्या कॉलनीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मग, काय काय पाहिलं?" नायगारा पाहिला नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही नाही म्हटलं, की एवढ्या लांबचा प्रवास फुकट गेला अशी हळहळ सुरू होते. मग मी सांगते, मी एक खानावळ पाहिली. मेक्सिकन माणसांची, टेक्सासच्या एका खेड्यातली. आणि एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर आठच दिवसांनी, तोच लांबलचक रस्ता पुन्हा तुडवून. यावर लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग ह्यांच्याकडे, की बाईंची तब्येत बरी आहे ना. हे नुसते हसतात. म्हणून आता सगळं लिहूनच काढते. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि जे नायगारा बघून आले त्यांच्यासाठीही.

अर्विंग

आमचा सौरभ डॅलसजवळ अर्विंगला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आम्ही दिवाळीच्या जरा आधी त्याच्याकडे पोचलो. अर्विंगबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे आपण परदेशात आलो आहोत याची स्वतःला आठवण करून द्यावी लागते. कोपऱ्यावरच्या दुकानात भगर मिळते, कढीपत्ता मिळतो, आणि समोरच्या इमारतीतल्या नागपूरच्या काकू संध्याकाळी फिरताना भेटल्या की सांबारवडीची, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीची, आठवण काढून उसासे टाकतात. परदेश सुरू झाला तो मारिसोल घरी आली तेव्हा.

मारिसोल म्हणजे सौरभची मैत्रीण. डॅलसच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. जन्म टेक्सासचा, आईवडील मेक्सिकोचे. लग्न करायचं दोघांनी आपापसांत ठरवलेलं होतं आणि तसं सौरभने आम्हाला फोनवर सांगूनही टाकलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती ड्यूटीवरून थेट आली, कुणी न सांगता दारातच बूट काढले आणि "काकू, मी काय करू?" असं पाठ केलेलं मराठी वाक्य म्हणाली. मी तिला चकल्या तळायला बसवलं. मोडलेली चकली ती कुणी बघायच्या आत स्वतःच खाऊन टाकत होती. त्याच क्षणी मला ती आवडली. पण मी बोलले नाही. पसंती अशी लगेच सांगायची नसते, हे मला माझ्या सासरच्यांनी शिकवलं आहे.

पाडव्याला सौरभ म्हणाला, "आई, पुढच्या वीकेंडला मारिसोलच्या पेरेंट्सकडे जायचंय. लबकच्या पुढे छोट्या गावात त्यांचं रेस्टॉरंट आहे. लंचला बोलावलंय."

"म्हणजे बघायला जायचं."

"बघायला काय? तू तिला बघितलंयस ऑलरेडी. जस्ट लंच आहे गं. उगाच टेन्शन घेऊ नको."

मुलांना असं वाटतं. पण मुलीच्या बापाच्या घरी मुलाचे आईवडील पहिल्यांदा जेवायला जातात त्याला आमच्याकडे बैठक म्हणतात, मग ती सतरंजीवर असो नाहीतर टेक्सासमध्ये. आणि बैठक म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या घरी बऱ्याच बैठका झाल्या. पोहे व्हायचे, चहा व्हायचा, मग माझे वडील हात जोडून विचारायचे, "मुलगी पसंत असेल तर पुढचं बोलावं म्हणतो." समोरचे मिशीला लागलेला चहा पुसत म्हणायचे, "कळवतो." वडील त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला जायचे आणि परत येताना टोपी डोक्यावर नाही, हातात असायची. खिडकीतून मी आधी टोपी बघायची. माणूस नंतर.

त्यामुळे मी ठरवलं होतं की मी वेगळी वरमाई होणार. मारिसोलच्या वडिलांनी विषय काढला, की त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणायचं. कळवतो-बिळवतो काही नाही. त्यासाठी मी एक छानसं इंग्रजी वाक्य तयार केलं, आणि उभं आयुष्य मुख्याध्यापिका म्हणून काढलेलं असल्याने आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं. बिचाऱ्यांना एका क्षणाचीही धाकधूक होऊ द्यायची नाही, एवढीच माझी इच्छा होती. इतकं औदार्य अंगात आल्यावर माणसाला जरा मिरवावंसं वाटतंच.

निघायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "अगं, काही घ्यायचं नाही का त्यांच्यासाठी? रिकाम्या हातानं जाते का कोणी?"

"आपण मुलाकडचे आहोत," मी म्हटलं. "बैठकीला मुलाकडचे काही नेत नाहीत. उलट अवघडतील ते."

मी वाटेत खायला म्हणून चिवड्याचा एक डबा तेवढा भरून घेतला.

कापसाचा मुलूख

शनिवारी निघालो, लबकला मुक्काम केला. अर्विंगपासून पश्चिमेला गाडी काढली की शहरं हळूहळू विरळ होत जातात. स्वीटवॉटर नावाच्या गावाच्या आसपास डोंगरमाथ्यांवर नजर पोचेल तिथवर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्या पायाशी तेल उपसणारी यंत्रं मान वरखाली करत असतात, कुणी काही विचारलं तरी हो हो करणाऱ्या कारकुनासारखी. मग एक घाट लागतो, घाट म्हणजे आपल्या हिशेबाने चढावच, आणि वर पोचलं की जमीन एकदम सपाट होते. परातीसारखी. आणि पांढरी.

"अरे बाप!" हे म्हणाले. "कापूस!"

हे कृषी खात्यात होते. वऱ्हाडातल्या माणसाला कापूस नवा नाही, पण असा कापूस आम्ही पाहिला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, क्षितिजापर्यंत, मध्ये बांध नाही, झाड नाही, विहीर नाही. आणि माणूस नाही. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत शेतात बायकांच्या रंगीत ओळी असतात, बोलणं असतं, भांडणं असतात, झाडाखाली झोळीत निजलेलं पोर असतं. इथे एक अजस्र यंत्र एकटंच चाललं होतं आणि मागे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कापसाचे गोल गठ्ठे टाकत होतं. पिवळे, आणि काही चक्क गुलाबी. ह्यांनी गाडी थांबवायला लावली. कडेला वाऱ्याने उडून तारेला अडकलेला कापूस होता, त्यातला एक पुंजका घेऊन दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत ओढला, तुटलेले तंतू नीट जुळवून उजेडात धरले.

"धागा चांगला हाय," हे म्हणाले आणि तो पुंजका त्यांनी खिशात ठेवला. खूश झाले किंवा घाबरले की ह्यांची भाषा थेट दर्यापूरला जाते.

सौरभ गाडीतून म्हणाला, "बाबा, चला ना, लेट होतंय यार." पण हे बराच वेळ त्या निर्मनुष्य पांढऱ्या रानाकडे बघत उभे होते. मला वाटतं त्यांना ते आवडलंही होतं आणि भीतीही वाटली होती. मला तर नुसतीच भीती वाटली. एवढं पीक आणि वेचताना गाणारं कुणी नाही.

खानावळ

रविवारी दुपारी त्या गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तरी नकाशात शोधून सापडायचं नाही. कापसातली सरकी काढायचं एक जिनिंग, एक चर्च, एक शाळा, धान्याची उंच कोठारं आणि एका जुन्या पेट्रोलपंपाच्या इमारतीत रामिरो आणि एल्विरा यांची खानावळ. मारिसोलचे आईवडील लग्नानंतर लगेच इकडे आले. रामिरोंनी बरीच वर्षं त्या जिनिंगमध्ये काम केलं आणि एल्विरा तिथल्या कामगारांसाठी डबे करायची. त्या डब्यांची ही खानावळ झाली. मागच्या दोन खोल्यांत त्यांचं घर. दारावर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये पाटी होती : आज बंद, घरचं कार्य. आम्ही उतरत असतानाच एका गोऱ्या शेतकऱ्याचा पिकअप ट्रक आला, त्याने पाटी वाचली, आमच्याकडे पाहिलं, टोपीला हात लावला आणि उपाशी परत गेला. घरचं कार्य म्हणजे आम्ही. मला बरं वाटलं.

आत रामिरो उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत बूट, गळ्याशी शेवटचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. एल्विरा ठेंगणी, माझ्याच वयाची, निळ्या कपड्यांवर पांढरंशुभ्र ॲप्रन. तिला इंग्रजी फारसं येत नाही. तिने माझ्या दोन्ही गालांना गाल लावला आणि माझ्या साडीची किनार हलकेच बोटांनी चाचपली. आमच्या आधीच येऊन पोचलेली मारिसोल घाईघाईने दोन्ही बाजूंचं भाषांतर करत होती. छताला रंगीत कागदी पताका होत्या, कातरून नक्षी केलेल्या. खिडकीजवळ एक छोटं टेबल होतं, त्यावर भरतकाम केलेलं कापड, लाल आणि निळी फुलं, कडेला चिमुकले पक्षी. बाकी टेबलांवर बश्या मांडल्या होत्या, या टेबलावर काहीच नव्हतं.

लेखिका इथे जरा थांबते. कारण पुढे जे झालं ते लिहायला हात धजत नाही. मी त्या टेबलावर माझी पर्स ठेवली.

पर्स, मग शाल, मग पाण्याचा थर्मास. ह्यांनी कानटोपी ठेवली. सौरभने गाडीची किल्ली. मी मनात म्हटलं, काय विचारी माणसं आहेत, पाहुण्यांच्या सामानाची वेगळी सोय.

जेवण सुरू झालं. आधी हे सांगते की मी मांस, मासे, अंडं काही खात नाही, आणि हे मारिसोलने आईला आठवडाभर आधी कळवलं होतं. मेक्सिकोत घेवड्याच्या दाण्यांना डुकराच्या चरबीची फोडणी असते म्हणे. माझ्यासाठी ते दाणे वेगळ्या मातीच्या भांड्यात, तेलावर केलेले होते. भरल्या मिरच्या अंड्यात बुडवून तळतात. माझ्या मिरच्या नुसत्या भाजून, सोलून, आत चीज भरून ठेवलेल्या. एका वाडग्यात हिरवी भाजी होती, जराशी आंबट, भेंडीसारखी किंचित बुळबुळीत. मी दोनदा घेतली. मग विचारलं कशाची, तर निवडुंग. आपण कुंपणाला लावतो तो फड्या निवडुंग, काटे काढून, चिरून, कांद्याबरोबर परतलेला. शेळीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही असं मी ज्याच्याबद्दल मुलांना शिकवलं, त्याची भाजी मी पुन्हा मागून खात होते.

आणि मक्याच्या पोळ्या. अमेरिकेत टॉर्टिया खाल्लेला प्रत्येक मराठी माणूस म्हणतो, "अगदी आपली भाकरी!" मी म्हणणार नाही. ती भाकरी नाही. मका आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत घालतात, सकाळी धुऊन दळतात, आणि त्या ओल्या पिठाचा वास पहिल्या पावसाआधी सारवलेल्या... नाही, हेही नको. तो वास फक्त तिथलाच होता. त्याला आपल्या घरातला काहीतरी म्हणून ओढून आणायची मला गरज वाटली नाही. एल्विरा उभी राहून तव्यावरून एकेक थेट पानात टाकत होती आणि आपण नको म्हटलं की तिला ऐकू येत नव्हतं. आग्रह करण्याच्या बाबतीत मात्र ती थेट वऱ्हाडी निघाली.

ह्यांना कोंबडीबरोबर काळपट तपकिरी दाट रस्सा वाढला. मोले म्हणतात त्याला. बऱ्याच प्रकारच्या सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, दालचिनी, लवंग आणि कणभर चॉकलेट. माझ्यासाठी कोंबडीचं पाणी न घालता केलेला, बटाट्यावर. "मम्माने दोन दिवस केलंय हे," मारिसोल म्हणाली. "रोज नाही करत. स्पेशल असतं." हे बोलायचे थांबले आणि मग थांबलेच. घाम पुसत, नाक ओढत खात राहिले. रामिरो ते बघून पहिल्यांदा मोकळं हसले. मग ह्यांनी खिशातून तो कापसाचा पुंजका काढला, रामिरोंनी तो घेतला, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढला, तंतू जुळवले, उजेडात धरले. अगदी तसंच. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली. त्या दोघांची बैठक तिथेच झाली म्हणायची.

माझी मात्र होईना. जेवण झालं, दालचिनी घातलेली तांदळाची खीर झाली, कॉफी झाली. मी माझं इंग्रजी वाक्य जिभेवर घेऊन बसलेली. रामिरो हवेबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, सौरभच्या नोकरीबद्दल विचारलं, आणि मग गप्प झाले. विषय काढण्याची हीच वेळ होती. मी त्यांच्याकडे हसून पाहिलं, म्हटलं, बोला. ते माझ्याकडे पाहत होते, मग खिडकीतल्या टेबलाकडे. पुन्हा कॉफी आली. एल्विरा माझ्या समोर येऊन बसली, हात मांडीवर ठेवून, जणू मीच काही सांगणार आहे. मी खिरीची स्तुती केली. तिने मान हलवली आणि उठून आत गेली.

आता खरं सांगायचं तर मला राग आला. मुलगी द्यायची नाही तर नका देऊ, पण एवढं खाऊ घालून गप्प बसायचं म्हणजे काय? आम्ही काय कमी आहोत? भारतातले म्हणून? मांस खात नाही म्हणून? समोर सौरभ मोबाईलशी चाळा करत होता, पण त्याचा गुडघा टेबलाखाली हलत होता. लहानपणी निकालाच्या दिवशी हलायचा तसा. जस्ट लंच म्हणणाऱ्या मुलाचं सगळं या दुपारवर अडलं होतं.

"अहो, निघू या का?" मी हळूच म्हटलं.

"थांब जरा," हे म्हणाले. "काहीतरी चुकून राहिलं आपलं."

मी हात धुवायच्या निमित्ताने आत गेले. एल्विरा ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि ॲप्रनने डोळे पुसत होती. मारिसोल तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला बघून दोघी दचकल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

एरवी इतकं गोड बोलणारी मारिसोल इंग्रजीत सरळ म्हणाली, "काकू, मी तुम्हाला आवडत नाही का?"

"कोण म्हणतं?"

"मम्माला वाटतंय, तुम्ही नाही सांगायला आलात. मी हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या नातेवाइकांना काहीही सांगू शकते, पण तिला काय सांगू मला कळत नाहीये."

"अगं, पण विषय तुझ्या वडिलांनी काढायचा ना! मी तर मघापासून वाट बघते आहे."

मारिसोल माझ्याकडे बघतच राहिली. "पापांनी? का?"

"मुलीच्या बापानेच विचारायचं असतं."

"नाही, काकू," ती म्हणाली. "आमच्याकडे मुलाचे आईवडील येतात. मुलीच्या घरी. आणि मागतात."

मग तिने सगळं सांगितलं. एल्विराच्या गावात अजून हे रीतीने होतं. मुलाचे आईवडील काही ना काही घेऊन येतात, ब्रेड, फळं, चॉकलेट, जे असेल ते, आणि मुलीच्या बापापुढे बसून मुलगी मागतात. मोले अशाच दिवशी करतात. खानावळ बंद ठेवली ती त्यासाठीच. आणि ते खिडकीतलं टेबल, ते कापड एल्विराच्या आईने भरलेलं, ते आम्ही आणणार त्या भेटींसाठी मांडलेलं.

"ज्यावर मी पर्स ठेवली," मी म्हटलं.

"हो."

"आणि ह्यांची कानटोपी."

मारिसोलला रडता रडता हसू फुटलं.

"तू मला सांगितलं का नाहीस, बाळा? एक फोन करायचास."

"मी कसं सांगणार, या आणि मला मागा म्हणून? सांगून मागितलं तर त्याला काय अर्थ?"

ओट्यावर उरलेलं मोले होतं, त्याच्यावर ताट झाकलेलं. दोन दिवस ही बाई मिरच्या भाजत होती आणि आपल्या मुलीला मागायला लोक येणार म्हणून दाराकडे कान लावून बसली होती. आणि मी त्या टेबलावर थर्मास ठेवून, त्यांनी मला विचारावं म्हणून बसले होते. मला माझ्या औदार्याची फार लाज वाटली.

मी बाहेर आले. खिडकीपाशी जाऊन पर्स उचलली, शाल उचलली, थर्मास, किल्ली, कानटोपी. सगळं सौरभच्या हातात कोंबलं. "गाडीतला चिवड्याचा डबा आण," मी म्हटलं.

"आत्ता? आई, जेवलो ना आपण!"

"आण म्हटलं ना."

त्याने आणला. वाटेत आम्ही त्यातला निम्मा खाल्ला होता. तो अर्धा डबा मी त्या फुलांच्या आणि पक्ष्यांच्या कापडावर मधोमध ठेवला, आणि रामिरोंसमोर जाऊन उभी राहिले. मी खोलीत आले की लोक उभे राहतात, अशी माझ्या आयुष्याची सवय. त्या दिवशी मी उभी होते आणि ते बसले होते. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, त्यांना काही न विचारता कळलं होतं.

पाठ केलेलं वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. ते होकाराचं होतं. म्हणून मी मराठीत बोलले. "आम्ही मागायला आलो आहोत. आमच्याकडे रीत वेगळी, म्हणून इतका वेळ गप्प बसलो, माफ करा. तुमची मारिसोल आमच्या घरात यावी असं आम्हाला फार वाटतं. द्याल का?"

सौरभने इंग्रजीत सांगायला सुरुवात केली आणि निम्म्यावर त्याचा आवाज गेला. उरलेलं ह्यांनी आपल्या मोडक्या इंग्रजीत पुरं केलं. मारिसोलने ते आईसाठी स्पॅनिशमध्ये सांगितलं, म्हणजे स्वतःची मागणी स्वतःच घातली.

रामिरो ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला एकदम माझे वडील दिसले. तसे नाही, जसे ते कधीच बसू शकले नाहीत तसे. कुणीतरी लांबून आलं आहे, उभं राहून त्यांची मुलगी मागतं आहे, आणि ते खुर्चीत बसून विचार करताहेत. त्या सगळ्या बैठकांत एकदा तरी त्यांना असं कुणी विचारायला हवं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

रामिरो उठले. "धन्यवाद," म्हणाले. "आमच्या गावी मागितल्या दिवशी उत्तर देत नाहीत. मला एक आठवडा द्या. पुढच्या रविवारी या, जेवायलाच."

"पापा!" मारिसोल ओरडली. "मी हो म्हटलंय! कधीच!"

"त्यांनी तुला नाही विचारलं," रामिरो शांतपणे म्हणाले. "मला विचारलं."

परतीचा रस्ता

गाडीत सौरभ भडकला होता. "व्हॉट इज धिस यार? एक आठवडा? पुन्हा एवढं ड्राइव्ह करायचं? एका हो साठी?" हेही जरा अस्वस्थ होते. बाहेर ऊन कलत होतं आणि कापूस गुलाबी दिसत होता. थोड्या वेळाने हे म्हणाले, "मुलाकडच्यांना असं टांगून ठेवते का कोणी?"

"तुमच्या वडिलांनी 'कळवतो' म्हटल्यावर किती दिवसांनी कळवलं होतं, आठवतं?" मी विचारलं.

ह्यांनी बाहेर बघायला सुरुवात केली.

"तेवढं तरी थांबा आता," मी म्हटलं.

खरं तर मलाही धाकधूक होती. तो आठवडा वाईट गेला. फोन वाजला की दचकायची, मारिसोल घरी आली तर तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का बघायची. भाजीत दोनदा मीठ राहिलं. वाट बघण्याची ही बाजू मला वडिलांकडून नुसती बघून माहीत होती, आता आतून कळली. आणि विचित्र वाटेल, पण त्या आठवड्यात मला त्यांची जितकी सोबत वाटली तितकी ते गेल्यापासून कधी वाटली नव्हती.

पुन्हा रविवार

या वेळी डिकी भरलेली होती. अर्विंगच्या दुकानातून आणलेले पेढे, नारळ, तांदूळ, केळी, रात्री जागून नव्हे पण दिवसभर खपून केलेले रव्याचे लाडू, आणि माझ्या बॅगेच्या तळाशी अमरावतीहून आणलेली, कुणाला न सांगता ठेवलेली एक हिरवी साडी. दारावर तीच पाटी. तेच टेबल, तेच कापड. मधोमध आमचा चिवड्याचा डबा होता, पण आता काठोकाठ भरलेला. एल्विराने त्यात भोपळ्याच्या भाजलेल्या बिया भरून ठेवल्या होत्या. रिकामा डबा परत द्यायचा नसतो हे तिला कुणी सांगितलं, कोण जाणे.

मी एकेक वस्तू त्या कापडावर मांडली. एल्विरा मागे उभी राहून बघत होती आणि पक्षी झाकले जाऊ नयेत म्हणून मी जागा ठेवत होते. मग आम्ही उभे राहिलो. रामिरोंनी आधी मुलीकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग ह्यांना मिठी मारली. शब्दाने हो म्हटलंच नाही त्यांनी, म्हणजे म्हटलं असेल, पण सौरभ इतक्या मोठ्याने हसला की ऐकू आलं नाही.

मी मारिसोलची ओटी भरली. तिने सौरभच्या सांगण्याप्रमाणे गळ्यातला रेशमी स्कार्फ पसरला, मी त्यात तांदूळ घातले, नारळ ठेवला, साडी ठेवली. एल्विरा टक लावून बघत होती. मग ती पुढे आली आणि तिने आपल्या ॲप्रनची दोन्ही टोकं हातात धरून माझ्यापुढे पसरली. आमच्याकडे विहिणीची ओटी भरतात हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी उरलेले तांदूळ तिच्या ॲप्रनमध्ये घातले, आणि एक लाडू. ती आत गेली आणि चुन्याच्या पाण्यात अजून न गेलेल्या कोरड्या मक्याचे पसाभर दाणे घेऊन आली, पांढरे, टपोरे. मी पदर पसरला.

मग जेवायला बसलो. निवडुंगाची भाजी मी आल्याआल्याच मागितली. मारिसोल म्हणाली, "काकू, पर्स द्या, कुठेतरी ठेवते." मी नको म्हटलं. जेवण संपेपर्यंत ती मी मांडीवरच धरून बसले होते.